आईला कॅन्सर सांगितला होता, निघाला पोटाचा टीबी

ज्यांच्या घरात आत्ता सोनोग्राफीचा नाहीतर सीटीचा रिपोर्ट येऊन पडलाय, त्यात ओव्हरी, ओमेंटम, असायटिस असले शब्द आहेत आणि कुणाला घास उतरेना झालाय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमच्या घरात हे मागच्या दिवाळीनंतर झालं. आई आज ठणठणीत आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवसांत मी रात्र रात्र असंच कुणीतरी लिहिलेलं मराठीत शोधत होतो आणि सापडत नव्हतं.

आई ६३ वर्षांची. दिवाळीचं सगळं फराळाचं तिनंच केलं, पण स्वतः चकलीचा तुकडा सुद्धा तोंडात टाकला नाही. दोन घास खाल्ले की म्हणायची, भरलं बाबा पोट. संध्याकाळी अंग कणकणायचं, आम्हाला वाटायचं दगदगीनं होतंय. भाऊबीजेला ताई सांगलीहून आली आणि तिच्या लक्षात आलं की आईचे ब्लाऊज सगळे ढिले झालेत आणि परकर मात्र घट्ट व्हायला लागलेत, म्हणजे हात खांदे वाळत चाललेत आणि पोट वाढतंय. आम्ही रोज बघणारी माणसं, रोज बघणाऱ्याला हे दिसत नाही, लांबून आलेल्याला दिसतं.

आम्ही कोल्हापूरचे. आमचे फॅमिली डॉक्टर मंगळवार पेठेत बसतात, त्यांच्याकडं आम्ही लहानपणापासनं जातोय. त्यांनी आईला आधी उताणं आणि मग कुशीवर झोपवून पोटावर बोटांनी टकटक केली, आणि म्हणाले पोटात पाणी वाटतंय, आजच सोनोग्राफी करून घ्या. राजारामपुरीत सोनोग्राफी केली. पाणी होतंच, त्यालाच असायटिस म्हणतात, शिवाय दोन्ही ओव्हऱ्या, म्हणजे बीजांडकोश, जाड दिसत होत्या. मग रक्ताची सीए-१२५ टेस्ट, हिलाच कॅन्सरचा मार्कर म्हणतात. नॉर्मल ३५ पर्यंत असतं, आईचं आलं ६१२. मग सीटी. सीटीत ओमेंटम म्हणजे आतड्यांवर चरबीचा जो पडदा असतो तो जाड झालेला, पोटाच्या अस्तरावर बारीक बारीक गाठी, आणि खाली लिहिलेलं की ओव्हरीचा कॅन्सर पोटभर पसरलेला असण्याची शक्यता. त्याच्याही खाली अजून एक ओळ होती, हिस्टोपॅथॉलॉजिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड. त्या ओळीकडं त्या दिवशी कुणाचं लक्षच गेलं नाही. तिचा अर्थ इतकाच की हा फोटो आहे, तुकडा काढून तपासा आणि मग नाव द्या.

ज्या हॉस्पिटलात आम्ही पहिल्यांदा गेलो त्याचं नाव घेत नाही. तिथल्या डॉक्टरांनी फाईल चाळली, सीटीची फिल्म खिडकीकडं धरली आणि सांगितलं, तिसरी स्टेज आहे, आधी केमो, मग ऑपरेशन, मग परत केमो. सोमवारी अ‍ॅडमिट करा. आई बाहेर बाकड्यावर ताईच्या मुलीसोबत बसली होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, आत होते. आण्णा एसटीतनं रिटायर झालेले, आयुष्यात कुणापुढं आवाज कापला नसेल त्यांचा, ते म्हणाले, साहेब, किती दिवस धरायचे आम्ही? डॉक्टर म्हणाले वर्ष, दीड वर्ष, औषधाला साथ दिली तर. ताईनं विचारलं, बायोप्सी नाही का करायची? तर म्हणाले मार्कर एवढा वाढलाय, सीटी स्पष्ट आहे, त्यात वेळ घालवायला नको.

घरी येताना गाडीत आई विचारत होती काय म्हणाले काय म्हणाले, आणि आम्ही सगळे एकदम वेगवेगळं बोलत होतो. मी म्हटलं पाण्याचं इन्फेक्शन आहे, ताई म्हणाली गाठ आहे साधी, आण्णा काही बोललेच नाहीत.

आईला सांगायचं नाही असं ठरलं. हे सगळ्या घरांत होतं आणि ते किती जड असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. किचनमधे एक बोलायचं, टेरेसवर एक. मामा गडहिंग्लजवरून आले, येताना संकेश्वरी मिरची घेऊन आले नेहमीसारखी, आणि आईला बघून मागच्या दारानं बाहेर जाऊन रडून आले. दुसऱ्या दिवशी आईनं माझ्या बायकोला वही घेऊन बसवलं आणि चटणीचं माप लिहून दिलं. बाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडं चटणी म्हणजे वर्षाचा कांदा-लसूण मसाला, उन्हाळ्यात डंकावर कांडून आणायचा. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, खोबरं किती, लसूण कधी घालायचा, डंकवाल्याला कुठं थांबवायचं, सगळं. नोव्हेंबरात कोण चटणीचं माप लिहून देतं? बायको लिहीत होती आणि वहीवर पाणी पडत होतं आणि आई म्हणत होती, अगं शाई पसरतीया, नीट लिही. तेव्हाच मला कळलं की तिला कळलंय.

आण्णा पहाटे अंबाबाईला जायला लागले. किरणोत्सवाचे दिवस होते, ९, १० आणि ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं बघायला संध्याकाळी देवळात उभं राहायला जागा नसते, म्हणून हे पहाटेचे. येताना कुंकवाची पुडी आणायचे आणि आईच्या उशाखाली ठेवायचे.

सोमवार यायच्या आधी फॅमिली डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. मी रिपोर्ट त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. त्यांचं वाक्य मला जसंच्या तसं लक्षात आहे, "बाळ, तुकडा बघितल्याशिवाय केमोची एक बाटली सुद्धा लावून घेऊ नका. कॅन्सर असेल तर आठवड्यानं पण तोच कॅन्सर आहे, आपण लगेच सुरू करू." आणि त्यांनी दुसऱ्या एका कॅन्सर सर्जनकडं चिठ्ठी दिली. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडं ना एसी ना रिसेप्शनिस्ट, पण त्या एका फोननं आमची आई वाचली असं मी कुणालाही छातीवर हात ठेवून सांगीन.

दुसऱ्या डॉक्टरांनी फिल्म नंतर बघितली, आधी आईशी बोलले. ताप येतो का? कधी येतो, सकाळी का संध्याकाळी? रात्री घाम येतो का? घरात कधी कुणाला टीबी झाला होता का? कच्चं दूध पिता का? शेवटच्या प्रश्नाला आई हसली. म्हणाली, साहेब, माझं माहेर म्हशीवाल्यांचं, लहानपणी वाटी घेऊन म्हशीपाशीच बसायचो. आणि कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध कोण प्यालेलं नाही? आण्णांना आठवलं की माझ्या आजीला फार वर्षांपूर्वी छातीचा टीबी झाला होता आणि आईनंच तिचं सगळं केलं होतं.

डॉक्टरांनी आम्हाला खोटी आशा दाखवली नाही. म्हणाले, कॅन्सर असू शकतो, मी नाही म्हणत नाही. पण पोटाच्या आतल्या अस्तराचा टीबी असतो, तो सीटीत असाच दिसतो, अगदी असाच. पाणी, जाड झालेला ओमेंटम, बारीक गाठी, सगळं सारखं. आणि सीए-१२५ चं म्हणाल तर ते फक्त कॅन्सरनं वाढत नाही, त्या अस्तराला कशानंही सूज आली की वाढतं, पोटाच्या टीबीत पाचशे-सहाशे सुद्धा जातं. टीबी पोटात जातो कसा, तर कच्च्या दुधातनं जाऊ शकतो, छातीतला जंतू रक्तातनं जाऊ शकतो, वर्षानुवर्षं गप पडून राहतो आणि वय झालं, ताकद कमी झाली की उठतो. आईच्या बाबतीत नेमका कुठून आला ते नक्की सांगता येणार नाही असं पण ते म्हणाले. एक्सरेत छाती साफ होती, त्यानंही टीबी नाही असं होत नाही.

मला आठवतंय, मी तिथं बसून मनातल्या मनात देवाकडं टीबी मागत होतो. ज्या आजाराचं नाव आमच्या घरात आजीच्या वेळेला हळू आवाजात घ्यायचे, तो आजार आईला असू दे म्हणून मी हात जोडत होतो.

आधी पोटातलं पाणी काढलं. बेंबीच्या खाली बाजूला सुई घालून, भूल फक्त जागेवरची. पिवळसर पाणी. त्याचा रिपोर्ट आला, त्यात प्रोटीन जास्त, लिम्फोसाइट पेशी भरपूर, एडीए नावाची एक टेस्ट असते ती ६८, म्हणजे वाढलेली, आणि कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. सगळं टीबीकडं बोट दाखवत होतं आणि आम्ही जरा श्वास घेतोय तोवर सीबीनॅटचा, म्हणजे टीबीचा जंतूच शोधणाऱ्या टेस्टचा, रिपोर्ट आला, जंतू सापडला नाही. परत खाली. डॉक्टर म्हणाले यात घाबरायचं काही नाही, पोटाच्या पाण्यात जंतू इतके कमी असतात की ही टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्हच येते. आणि पाण्यात कॅन्सरच्या पेशी नाहीत म्हणजे कॅन्सर नाही असंही होत नाही. दुर्बिणीतनं तुकडाच घ्यायला पाहिजे.

लॅप्रोस्कोपीच्या सकाळी आईला आत नेलं तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "काय निघंल ते मला सांगायचं. मला आता लपवाछपवी सोसंना." मी हो म्हटलं.

मग नर्सनं बाहेर येऊन माझ्या हातात दोन डब्या दिल्या. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. पांढऱ्या झाकणाच्या दोन लहान प्लॅस्टिकच्या डब्या, दोन्हीवर चिकटपट्टीवर आईचं नाव, वय, तारीख. एका डबीत फॉर्मलिन, वास नाकात जातो त्याचा. दुसरीत साधं सलाईन. दोन्हीत तळाला पांढरट गुलाबी तुकडे, नखाएवढे सुद्धा नाहीत. फॉर्मलिनची डबी पॅथॉलॉजीकडं, तिथं मायक्रोस्कोपखाली बघतात. सलाईनची डबी सीबीनॅट आणि कल्चरसाठी, कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं. फॉर्मलिनमधे जंतू मरतो, मग त्यातनं तो वाढवता येत नाही. सगळे तुकडे एकाच फॉर्मलिनच्या डबीत गेले तर कल्चरचा रस्ता तिथंच बंद, आणि परत पोट कुणी उघडायचं? त्यामुळं ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा, सलाईनमधे वेगळा तुकडा ठेवणार का. एवढं एक वाक्य.

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मोबाईलवर आतला फोटो दाखवला. सगळ्या अस्तरावर राळ्याच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके. म्हणाले, मला हे टीबीचं वाटतंय, पण कागद आल्याशिवाय घरी कुणाला काही बोलू नका. आण्णांना मी तरी सांगितलंच. ते म्हणाले, कागद येऊ दे. आणि परत पहाटे देवळाला.

सीबीनॅटचा रिपोर्ट आधी आला, मोबाईलवर. मी दसरा चौकात सिग्नलला होतो, गाडी कडेला घेतली. एमटीबी डिटेक्टेड. रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड. म्हणजे टीबीचा जंतू सापडला, आणि नेहमीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो. मी ताईला फोन लावला आणि मला बोलता येईना, ती पलीकडनं ओरडतीया, अरे काय झालं, बोल की, आई बरी आहे ना, आणि मी नुसता टीबी टीबी म्हणतोय. माणसं बघत होती. एका रिक्षावाल्या मामांनी पाण्याची बाटली दिली, त्यांना वाटलं घरात काहीतरी वाईट झालंय. मी त्यांना म्हटलं, मामा, आईला टीबी निघाला. ते बिचारे अजूनच घाबरले.

तुकड्याचा रिपोर्ट दोनेक दिवसांनी आला. केसिएटिंग ग्रॅन्युलोमा, टीबीत पेशींची अशी गाठ बनते आणि मधला भाग मरून चीजसारखा होतो त्याला ते नाव आहे. आणि शेवटी, नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी. कॅन्सरचा पुरावा नाही. ती ओळ आण्णांना मी मराठीत सांगितली, मग त्यांनी मला ती इंग्रजीत वाचून दाखवायला लावली, मग परत मराठीत. मग त्यांनी विचारलं, "म्हंजे हे बरं हुतंय न्हवं?" डॉक्टर म्हणाले, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही, बऱ्या होतील. आण्णा खुर्चीवरनं उठून डॉक्टरांच्या पाया पडायला गेले, डॉक्टरांनी धरलं त्यांना. माझ्यापेक्षा लहान असतील ते डॉक्टर वयानं.

आईला त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, पहिल्या हॉस्पिटलात काय म्हणाले होते ते पण. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "दीड वर्ष म्हणला व्हय तो? आणि तुम्ही समद्यांनी ते एकट्यानं पोटात ठेवलं?" आणि तिलाच आमची कणव आली. मला वाटलं होतं ती रागावेल.

सुटकेचं एक सांगायचं राहिलं. मला वाटायचं बातमी आली की माणूस उड्या मारेल. तसं काही होत नाही. मी घरी येऊन जेवलो आणि झोपलो, आणि उठल्यावर पहिला विचार परत तोच आला, आईला कॅन्सर आहे, आणि मग एका क्षणानं आठवलं की नाही, नाहीये. कितीतरी सकाळी असं होत राहिलं. शरीराला कळायला वेळ लागतो. ताईचं तर उलटं झालं, इतके दिवस खंबीर राहिली आणि रिपोर्ट आल्यावर आठवडाभर आजारी पडली. ज्यांच्याकडं असं झालंय त्यांना सांगतो, हे नॉर्मल आहे, घाबरू नका.

गोळ्या सरकारी आहेत आणि फुकट आहेत. डॉक्टरांनी नोंद केली, निक्षयचा, म्हणजे टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचा, आयडी आला, आमच्या भागातल्या महापालिकेच्या दवाखान्यातनं गोळ्या मिळायला लागल्या. पहिले दोन महिने चार औषधं एकाच गोळीत, वजनावर गोळ्या ठरतात, आई ४४ किलोची होती तेव्हा, तिला रोज तीन. पुढचे चार महिने तीन औषधं. आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढवलेत. लघवी केशरी होते, त्याला घाबरायचं नाही, ते औषधाचा रंग आहे. लिव्हरची रक्ततपासणी मधे मधे केली आणि डोळ्यांची पण, कारण त्यातल्या एका औषधानं क्वचित नजरेवर, लाल हिरवा रंग ओळखण्यावर परिणाम होतो. पहिल्या महिन्यात आईला खूप मळमळ व्हायची. नुसत्या पोटाचा टीबी एकमेकांना लागत नाही, तरी घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, सरकारी आशा सेविका येऊन विचारून जायच्या.

पाणी हळूहळू ओसरलं. एके रविवारी आईनं स्वतःहून विचारलं, मटण आणलंय का, वाटीभर पांढरा रस्सा घेते. बायकोनं वाटी दिली, मग अजून अर्धी. आण्णा भाकरी हातात धरून नुसते बघत बसले होते. सहा महिन्यांनी वजन ५१, सीए-१२५ आलं १८, सोनोग्राफीत पाणी नाही.

आत्यानं मधे एकदा फोनवर सांगितलं की टीबीचं कुणाला बोलू नका, पोरीचं लग्न आहे पुढं. आईनं ते अजिबात मानलं नाही. भाजीवालीला सुद्धा सांगते, मला टीबी झाला होता, सहा महिने गोळ्या खाल्ल्या, बरी झाले.

राग आहे का? आहे. टीबी अंगात असताना केमो सुरू झाली असती तर अंगातली प्रतिकारशक्ती आणखी खाली गेली असती आणि टीबी पसरला असता, हे दुसऱ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. आम्ही पहिल्या हॉस्पिटलला सगळ्या रिपोर्टच्या कॉप्या नेऊन दिल्या, कुणी काही बोललं नाही. पण हे पण तितकंच खरं की उलटही होतं. टीबी समजून नुसत्या अंदाजानं महिनोनमहिने गोळ्या चालतात आणि आत कॅन्सर वाढत राहतो. म्हणून मी कुणाला असं कधीच म्हणणार नाही की घाबरू नका, टीबीच असेल. ओव्हरीचा कॅन्सर असतो, बायका जातात त्यानं, पोट फुगलं की अ‍ॅसिडिटीवर ढकलून गप बसू नका. मी म्हणतोय ते एवढंच की तुकडा तपासा, लवकर तपासा, आणि तपासल्याशिवाय उपचाराच्या कागदावर सही करू नका.

परवा आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या जावेचं पोट फुगलंय, कागलला असतात त्या, मार्कर वाढलाय म्हणून घरात रडारड चालली होती. काकूंनी फोन आईच्या हातात दिला. आई ओसरीवर उभी राहून, एका हातानं वाळत घातलेले पापड उलटत त्यांना विचारत होती, "ताप येतोय का संध्याकाळचा? तुकडा काढला का न्हाई अजून? बरं, डॉक्टरला इचारा, दोन डब्यांत ठेवणार काय म्हणून. व्हय, दोन. एक सलाईनची."